दुकान पुन्हा उघडलं, हे गिऱ्हाइकाला कळवलं कसं? बेळगाव सीमाभागातले अनुभव

२०१९ च्या ऑगस्टमधला पूर, २०२० ची टाळेबंदी, मग स्मार्ट सिटीच्या कामात उकरलेले रस्ते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या कितीतरी दुकानांची शटरं महिनोन्‌महिने खाली होती. काहींची घरच्या अडचणीमुळे बंद पडली. त्यातली बरीच पुन्हा उघडली. शटर वर करणं आपल्या हातात असतं, पण "ते बंदच झालंय" हे लोकांच्या डोक्यात बसलेलं निघता निघत नाही. व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम, गूगल मॅप यांतलं नेमकं काय कामाला आलं ते लिहा. लाइक किती मिळाले ते नको. गिऱ्हाईक दारात कशामुळे आलं ते सांगा.

खानावळ, टिळकवाडी

आमची खानावळ कॉलेजच्या पोरांवर चालणारी. टाळेबंदीत पोरं गावाला गेली ती गेलीच. पुन्हा चूल पेटवायची ठरली तेव्हा भाचा इन्स्टाग्रामचं पान काढायला बसला. मी म्हटलं, थांब, आधी उधारीची वही काढ. त्या वहीत प्रत्येकाचं नाव, गाव आणि नंबर होता. शिकून नोकरीला लागलेल्यांनाही कळवलं. त्यांनी आपल्या धाकट्या भावंडांना, गावातल्या पोरांना सांगितलं. पहिले डबे तिथूनच लागले.

खानावळीसाठी वेगळं सिम घेऊन त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाकलं. त्याला पैसे लागत नाहीत. रोज सकाळी स्टेटस: आज भरली वांगी, ज्वारीची भाकरी, आमटी-भात. फोटो कढईचाच काढायचा, वाफ दिसली पाहिजे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकदम अनेकांना धाडलेला निरोप ज्याच्या मोबाईलमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यालाच पोचतो, आणि एका यादीत २५६ च जण बसतात. म्हणून पैसे घेतानाच मी सांगते, "बाळ, नंबर सेव्ह कर, उद्याची भाजी कळेल."

आणि बायाबापड्यांनो, नंबर सगळीकडे गेला की भामटेही फोन करतात. मला एकाचा आला. म्हणाला, कॅम्पातून बोलतोय, मिलिटरीचा साहेब आहे, पन्नास थाळ्या पाठवा. बेळगावात पलटणीची माणसं नेहमीची, त्यामुळे कुणालाही खरंच वाटेल. मग त्याने क्यूआर कोड पाठवला: "हा स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील." पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. मी सांगितलं, साहेब, जवान पाठवा, रोख घेऊन. फोन बंद झाला. कुणाचे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी फोन नंबरवर कळवा, जेवढा उशीर तेवढे पैसे पुढे सरकतात.

चहा-मिसळ, जांबोटी-कणकुंबी रस्ता

आमच्याकडे थांबणारा निम्मा माणूस चोर्ला घाटातून गोव्याला जाणारा किंवा तिकडून येणारा. त्याला गल्लीतल्या ग्रुपवरचं काय कळणार? तो मॅप बघतो. हॉटेल बंद असताना कुणीतरी गूगलवर "कायमचं बंद" अशी सूचना दिली होती आणि ती लागूही झाली. आम्ही उघडून बसलो तरी मॅपवर लाल अक्षरं! समोरून गाड्या निघून जायच्या. ओळखीचा एक ड्रायव्हर थांबला म्हणून कळलं.

गूगलवर आपल्या दुकानाची मालकी घेता येते. त्यासाठी आम्हाला बोर्ड, रस्ता, आतली भट्टी असा सलग व्हिडिओ काढून पाठवावा लागला. नंतर वेळ दुरुस्त केली, नवे फोटो टाकले. पावसाळ्यात घाटात काम निघालं किंवा वाहतूक अडली तर त्या दिवसाची वेळ मी सकाळीच बदलतो. पुढे जंगलात रेंज नसते. माणूस बेळगावातून किंवा गोव्यातल्या साखळी गावातून निघतानाच ठरवतो कुठे थांबायचं, म्हणून मॅपवरची वेळ खरी पाहिजे. रील वगैरे काही केलं नाही, गरजही पडली नाही.

साड्या, शहापूर

पुराच्या वेळी घरात पाणी शिरलं. खड्डामाग म्हणजे विणकराचे पाय जमिनीखालच्या खड्ड्यात. आधी तिथेच पाणी भरलं. ताणा भिजला, सूत गेलं. सावरतो न सावरतो तोवर टाळेबंदी आली. पुन्हा माग लावला तेव्हा मुलीने मोबाईल समोर धरून धोटा इकडून तिकडे जाताना चित्रित केला. पाठीमागे गाणं नाही, मागाचा खटखट आवाज तेवढा. तो व्हिडिओ बघून कोल्हापूर, फोंडा, म्हापशाहून फोन आले. आमच्या गल्लीतल्या बायकांनाही, इतकी वर्षं शेजारी राहून, पदर कसा जोडतात ते तेव्हाच पहिल्यांदा दिसलं.

साडीत खरी अडचण रंगाची. ट्यूबलाइटखाली मोरपंखी निळा दिसतो आणि पार्सल उघडल्यावर भांडण होतं. म्हणून साडी उंबऱ्यावर आणायची, सकाळच्या उजेडात एक फोटो सबंध साडीचा, एक काठाचा, एक पदर उलटा करून. किंमत फोटोखालीच लिहायची. "किंमत इनबॉक्समध्ये" असं लिहिलं की साधी बाई विचारायला लाजते, तिला वाटतं महागच असणार. लग्नाची खरेदी असली तर व्हिडिओ कॉलवर दाखवतो. आजी, सून, मुलगी सगळ्या पलीकडे बसतात, आणि शेवटचा शब्द आजीचाच.

चपला, निपाणी

शहापूरच्या ताईंचं पटलं, आमच्याकडे रंगाच्या जागी माप. वडील गेल्यावर दुकान बंद होतं. माल अथणीच्या कारागिरांकडून येतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडचं. त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्याबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूरही आहेत. हे कित्येकांना ठाऊक नाही, म्हणून मी प्रत्येक पोस्टमध्ये लिहितो. २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने तसल्याच चपला दाखवल्या आणि देशभर ओरड झाली, तेव्हा लोक विचारायला लागले की खरी कुठे मिळते. आम्ही नुकतंच उघडलं होतं. कारागिराचे हात, चामड्याची वेणी, टाके घालायची आरी, असे फोटो टाकले. चपलेपेक्षा हातांचे फोटो लोकांनी जास्त पुढे पाठवले.

माप घ्यायची रीत: कागदावर उभं राहून पायाभोवती पेन्सिल फिरवायची, शेजारी पट्टी ठेवून वरून फोटो काढायचा. अंगठ्याची जाडी वेगळी विचारतो, कारण अंगठ्यातच चावते. ही रीत व्हिडिओत करून दाखवल्यापासून परत येणारे जोड फार कमी झाले. कारागिराचं नाव सांगायचं का, हे मात्र त्यालाच विचारून ठरवतो. पोस्ट माझी असली तरी हात त्याचे आहेत.

मिठाई, गणपत गल्लीजवळ

डागडुजीनंतर उघडताना एका खाऊच्या पेजवाल्याला पैसे देऊन रील करून घेतली. कुंदा आटून तपकिरी होतो ते दृश्य छान आलं. शनिवार-रविवारी झुंबड, माल दुपारीच संपला. पण ती मंडळी लांबची होती. रोज पाव किलो नेणारा वडगाव-अनगोळचा माणूस त्या गर्दीत रांग बघून परत गेला, याचं मला वाईट वाटतं. पुन्हा केली तर नेहमीच्यांचा माल आधी बाजूला काढून ठेवीन. फेसबुकवर पैसे भरून जाहिरात करणार असाल तर आख्खं राज्य निवडू नका, नकाशावर दुकानाभोवतीच्या काही किलोमीटरचं वर्तुळ घ्या. आणि १८ टक्के जीएसटी धरून हिशोब करा. आमची सगळ्यात चाललेली पोस्ट फुकटची होती: शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला "आज रात्रभर चालू".

स्टेशनरी, चिकोडी

थोडक्यात सांगतो. बोर्डावर ६० टक्के कन्नड पाहिजे असा राज्याचा कायदा आहे. मोबाईलवर तसं बंधन नाही, तरी मी मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहितो. कन्नड मजकूर शेजारच्या मेडिकलवाल्या अण्णांकडून तपासून घेतो, त्यांचा मराठी मी बघतो. शाळा सुरू व्हायच्या आधी वह्यांचे दर टाकले की दोन्हीकडचे पालक येतात.

खानावळ, टिळकवाडी

चिकोडीच्या दादा, तुमचं वाचून आजच्या स्टेटसला खाली कन्नड ओळ जोडली. संध्याकाळी गोकाकची दोन पोरं महिन्याचा डबा ठरवायला आली. आणखी कुणी बेकरीवाले, शिंपी, सलूनवाले असतील तर लिहा की, शिंप्याचं माप लांबून कसं घेतात ते मला खरंच जाणून घ्यायचंय.