मदत हवी आहे: स्ट्रक्चर बघून ऍसिड की बेस ओळखायचं कसं? अर्जंट

खामल्याची_पोर
कोणीतरी सांगा ना प्लीज, परवा टेस्ट आहे. ओएच, म्हणजे ऑक्सिजनला जोडलेला हायड्रोजन, दिसला की बेस, हे दहावीपर्यंत घोकलं आणि आता तेच चूक निघून राहिलं. मागच्या टेस्टमध्ये दहापैकी तीनच बरोबर आले. सर म्हणतात स्ट्रक्चरकडे बघ, मी तासभर बघून राहिली पण त्यात नेमकं काय बघायचं ते कोणीच सांगत नाही.

महालकर
कितवीत आहेस? बोर्ड कोणतं? आणि ती दहा स्ट्रक्चरं कोणती होती ते टाक ना आधी, त्याशिवाय सांगायचं काय.

बर्डी_लोकल
काही बघायचं नाही, सहा स्ट्रॉंग ऍसिड पाठ कर. हायड्रोक्लोरिक, हायड्रोब्रोमिक, हायड्रोआयोडिक, नायट्रिक, सल्फ्युरिक, परक्लोरिक. बाकी जवळपास सगळे वीक. मी हेच केलं, बारावी निघाली.

महालकर
भाऊ ती स्ट्रॉंग-वीकची लिस्ट आहे, ती विचारून राहिली ऍसिड की बेस. पेपरात त्या सहातलं एकही नसलं तं?

वर्धारोडच्या_काकू
ऍसिडिटीचा त्रास असेल तर सकाळी थंड दूध घे, मला तरी त्यानेच बरं वाटतं. आणि परीक्षेच्या दिवसांत तर्री पोहे बंद कर बाई.

खामल्याची_पोर
काकू पोटाची नाही, केमिस्ट्रीची ऍसिड. अकरावी सायन्स, स्टेट बोर्ड. दहावीपर्यंत मराठी मीडियम होतं, आम्ल-आम्लारी शिकलो, आता सगळं इंग्लिशमध्ये. नावं दिलीच नव्हती, नुसती चित्रं होती. ऍसिटिक ऍसिड, इथेनॉल, केओएच, फिनॉल, मिथाइल अमाइन, ऍसिटामाइड, बोरिक ऍसिड एवढी आठवतात. बोरिकमध्ये तर तीन-तीन ओएच आहेत! मी बेस लिहिलं. इथेनॉललाही बेस लिहिलं.

हळदकुंकू
घरी हळदीचा कागद कर, त्यावर चुन्याची निवळी टाक, लाल झाला की बेस. लिंबू टाकलं तर पिवळाच राहतो. हातानं केलेलं विसरत नाही.

लॅबवाले_मामा
हळद चांगली आहे, पण पेपरात चित्रावर हळद टाकता येत नाही. आणि बोरिक ऍसिडमध्ये थोडं हायड्रोक्लोरिक टाकून हळदीच्या कागदावर वाळवलं तर तोही तांबूस होतो, म्हणजे नेमकं इथंच फसायला होईल.

बेटा, कॉलेजच्या लॅबमध्ये ३१ वर्षं काढली, ही चूक दरवर्षी पाहिली. तू ओएच ही दोन अक्षरं शोधतेस. ती शोधू नको, तो ओ कोणाला धरून बसला आहे ते पाहा. केओएचमध्ये पोटॅशियमशी आयनिक बंध आहे, पाण्यात टाकलं की अख्खा ओएच उणे चार्ज घेऊन सुटतो, म्हणून तो बेस. इथेनॉलमध्ये ओ कार्बनला पक्का जोडलेला आहे, तो ओएच सुटतच नाही, मग बेस कसला? आता उलटं विचार, त्या ओएचमधला एच गेला तर मागे राहिलेला उणे चार्ज कुठे बसेल? इथेनॉलमध्ये एकट्या ओवर, ते त्याला झेपत नाही. ऍसिटिकमध्ये शेजारी सीओचा, म्हणजे कार्बन-ऑक्सिजनचा, डबल बॉंड आहे, चार्ज दोन ओंमध्ये सारखा वाटला जातो, म्हणून एच सहज जातो. पीकेए पाहा, हा आकडा जितका कमी तितकं ऍसिड स्ट्रॉंग: इथेनॉल १६ च्या आसपास, ऍसिटिक ४.७६. म्हणजे जवळपास दहा हजार कोटी पटीचा फरक, आणि ओएच दोघांतही आहे. फिनॉलचा चार्ज सहा कार्बनच्या रिंगमध्ये पसरतो, तो मधे, १० च्या जवळ.

अजनी_पॅसेंजर
एवढं कशाला मामा, ल्युईसची व्याख्या लावा सगळ्यांना. इलेक्ट्रॉनची जोडी घेतो तो ऍसिड, देतो तो बेस, विषय संपला.

लॅबवाले_मामा
ऍसिटिक ऍसिडच्या दोन्ही ओंवर दोन-दोन जोड्या मोकळ्या आहेत. त्याला बेस म्हणायला सांगू का पोरीला?

अजनी_पॅसेंजर
तसं नाही, पण बोरिक ल्युईसशिवाय सोडवून दाखवा.

लॅबवाले_मामा
ते मात्र खरं. बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन, आठाला दोन कमी. तो स्वतःचा एच देत नाही, पाण्यातला ओएच ओढून घेतो आणि पाण्याचा एच मोकळा होतो. म्हणून ऍसिड, पण कमजोर, पीकेए ९.२४. ओएच सोडला तर बेस ही व्याख्या अऱ्हेनियसची, १८८४ ची, दहावीपर्यंत तीच चालते. एच देतो तो ऍसिड, घेतो तो बेस, ही ब्रॉन्स्टेड आणि लौरीची; ती आणि ल्युईसची, दोन्ही १९२३ च्या. एकच व्याख्या सगळ्यांना लावायला गेलं की गोंधळ होतो.

महालकर
कॅरमवर टाकतात ती पावडर बोरिकच ना?

अजनी_पॅसेंजर
हो तीच. बर्डीवर मिळते.

लॅबवाले_मामा
पोरी, आता संत्र्यातलं सायट्रिक ऍसिड कागदावर काढ. चार ओएच सापडतील. मला सांग, त्यातले ऍसिडवाले किती.

खामल्याची_पोर
काढलं. तीन ओएच सीओला लागून आहेत, ते ऍसिडवाले. चौथा मधल्या कार्बनवर आहे, शेजारी डबल बॉंड नाही, तो इथेनॉलसारखा. बरोबर?

लॅबवाले_मामा
एकदम. आता नायट्रोजनवाले दोन राहिले.

खामल्याची_पोर
मिथाइल अमाइन बेस, नायट्रोजनवर जोडी मोकळी आहे, ती एचला देतो. ऍसिटामाइडमध्येही नायट्रोजन आहे म्हणून बेस लिहिणार होती, पण त्याच्या शेजारी सीओ आहे ना, तिथे चार्ज ओढला जातो तसाच ती जोडीही ओढली जात असेल? मग द्यायला उरतच नाही. म्हणून दोन्ही नाही, जवळपास न्यूट्रल?

लॅबवाले_मामा
हो. आणि हे मी सांगितलं नव्हतं.

बर्डी_लोकल
तरी ते सहा पाठ करून ठेव.

खामल्याची_पोर
करते दादा. मामा, ऍनिलिन पण होतं त्यात, आता आठवलं. नायट्रोजन रिंगला जोडलेला आहे. जोडी रिंगमध्ये जाते म्हणजे बेस आहे, पण मिथाइल अमाइनपेक्षा कमजोर. असंच लिहू ना?