जुने फोटो: चेहऱ्यांपलीकडे काय दिसलं? तुमचे अनुभव लिहा

जुना अल्बम उघडला की आपण आधी चेहरे शोधतो, हा कोण, ती कोण, कित्ती बारीक होता तेव्हा, आणि पान उलटतो. माझं आताशा वेगळं व्हायला लागलंय. चेहरे पाठ झालेत म्हणून असेल, पण नजर कडेला जाते. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर, टेबलावरचा रेडिओ, दारातून डोकावणारं अर्धंच आलेलं पोर. ते टिपायचं असं कोणाच्या मनातही नव्हतं, आणि मला तेच बघत बसावंसं वाटतं.

१९०० साली कोडॅकचा ब्राउनी कॅमेरा आला, पुठ्ठ्याचा साधा डबाच तो, पण त्यामुळे फोटो काढणं स्टुडिओवाल्याच्या हातातून घरातल्या माणसांच्या हातात आलं. तिथपासून रोल धुवायला टाकायचे दिवस संपेपर्यंतचा कुठलाही फोटो चालेल. नावं नकोत, नातं सांगितलं तरी पुरे. मोठं लिहा, छोटं लिहा, पण लिहा.

*

आमच्या आजोबांचा त्या काळातला एकही फोटो नाही, कारण कॅमेरा त्यांचा आणि फोटो काढणारेही तेच. आजी आहे, सगळी मुलं आहेत, शेजारची मुलंसुद्धा आहेत, आजोबा नाहीत. मग एकदा स्कॅन करताना फोटो मोठा करून बघितला तर खाली जमिनीवर एक लांब सावली, मान खाली घातलेली, दोन्ही कोपरं बाहेर आलेली. तेव्हाच्या बॉक्स कॅमेऱ्यात छातीशी धरून वरून बघायचं असायचं आणि सूर्य पाठीशी ठेवा असं सगळे सांगायचे, त्यामुळे सकाळ-संध्याकाळच्या फोटोत काढणाऱ्याची सावली यायचीच. मग मी सगळा अल्बम परत काढला. बऱ्याच फोटोंत आहेत ते! एकात सावली आजीच्या पायापर्यंत पोचलीय. तो फोटो मी आईला दाखवला तर ती कितीतरी वेळ बोललीच नाही, नंतर म्हणाली की बाबा उभे राहायचे ते असेच.

*

सावलीचं वाचून अंगावर काटा आला. फोटो काढणारा माणूस नेहमीच गायब असतो, हे नावाजलेल्या लोकांच्या बाबतीतही झालंय. होमाई व्यारावाला, भारतातल्या पहिल्या महिला छायापत्रकार, त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जायचे. १९४७ च्या त्या दिवसांचे त्यांचे फोटो आपण किती वेळा बघितलेत आणि काढणाऱ्या बाईंचं नाव कितीजणांना माहीत असतं?

*

माझा अनुभव निगेटिव्हचा आहे. प्रिंट सगळे बघतात, निगेटिव्हची पाकिटं मात्र घर आवरताना सरळ फेकून देतात, प्लीज फेकू नका. ३५ एमएमच्या पट्टीवर कडेला नंबर असतात, फोटो कुठल्या क्रमाने काढले ते त्यावरून कळतं. प्रिंट मात्र अल्बममध्ये कोणीही कुठेही लावलेले असतात.

आमच्याकडे काकाचा एक फोटो आहे, खुर्चीत बसलाय, मांडीवर पुस्तक, त्याच्या आजारपणाच्या आधीचा असं सगळे धरून चालले होते कारण चेहरा अगदी हसरा आहे. आणि माझ्या बहिणीचा जन्मल्यानंतरचा पहिला फोटो वेगळ्याच अल्बममध्ये. पट्टी दिव्यासमोर धरली तर दोन्ही फ्रेम शेजारी शेजारी! आधी काका, लगेच पुढे दुपट्यात गुंडाळलेली बहीण. त्या दोन्हींच्या मध्ये काका गेला होता, हे घरात सगळ्यांना तारखेसकट माहीत आहे. म्हणजे तो हसरा फोटो आजारपणातला शेवटचा, आणि त्यानंतर कितीतरी दिवस कॅमेऱ्याला कोणी हात लावला नाही, रोल अर्धाच तसाच आत पडून राहिला, आणि कॅमेरा परत हातात घेतला तो बाळासाठी. छत्तीस फोटोंचा रोल संपल्याशिवाय धुवायला टाकायची पद्धत नव्हती ना. बहीण आता आजी झालीय. तिला सांगितलं तेव्हा म्हणाली, ती पट्टी मला दे, प्रिंट तुम्ही ठेवा.

*

आमच्या एका ग्रुप फोटोत डाव्या टोकाला एक बाई आहेत, कोणालाच ओळखू येत नाहीत. मागे फक्त साल आहे. आत्याला माहीत असणार होतं, ती राहिली नाही.

अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगचा तो जगप्रसिद्ध फोटो आहे ना, १९३६ चा, तिथल्या मंदीच्या काळातला, आई आणि खांद्यात तोंड लपवलेली मुलं, त्या आईचं नाव फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे जगाला कळलं १९७८ मध्ये. इतका बघितला गेलेला फोटो, तरी चाळीसेक वर्षं बिननावाचा. मग आपण हातावर हात धरून बसलो तर घरातल्या फोटोंचं कसं होणार? घरात कोणी वयस्कर असेल तर याच आठवड्यात अल्बम घेऊन शेजारी बसा आणि फोनवर रेकॉर्डिंग लावून ठेवा. प्रश्न विचारायला लागत नाहीत, एका फोटोवरून गाडी सुटते.

*

एक विचारायचं होतं, आमचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो छान आहेत, त्यानंतरचे सत्तरच्या दशकातले कलर फोटो मात्र सगळे लाल-गुलाबी पडलेत. असं का?

*

ब्लॅक अँड व्हाइट फोटोत चित्र चांदीच्या कणांचं असतं, ते नीट धुतलेलं असेल तर खूप टिकतं. कलर प्रिंटमध्ये तीन रंगद्रव्यांचे थर असतात आणि ते सारख्या वेगाने उडत नाहीत. त्या काळच्या बऱ्याच कागदांत निळसर थर आधी उडायचा, अंधारात ठेवलं तरी, मग उरतो तो लालसर रंग. स्कॅन करून बराचसा परत आणता येतो.

आणि ते चिकट पानांवर प्लास्टिक असलेले अल्बम असतील तर फोटो त्यातून काढा, तो गोंद पिवळा पडतो आणि कागदात मुरतो. ओढून काढू नका, वाकतो आणि वरचा थर तडकतो. दात साफ करायचा दोरा मागून हळूहळू सरकवत न्यायचा, करवतीसारखा पुढे-मागे. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

*

दोऱ्याची आयडिया आजच करून बघते. मेण लावलेला चालेल का?

*

साधा घ्या, मेणाचा नको, डाग राहतो. आणि आधी एखाद्या कमी महत्त्वाच्या फोटोवर करून बघा. नाही सुटला तर तसाच ठेवून पानासकट स्कॅन करा.