ग्रीनव्हिलचा फॉल्स पार्क आणि झुलता पूल : तुमचे चालण्याचे अनुभव सांगा

ओसरी

साउथ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिलमध्ये राहणारी, राहून गेलेली, मुलांकडे मुक्कामाला येऊन गेलेली बरीच मराठी माणसं इथे आहेत. कोणी टायर बनवणाऱ्या मिशेलिनमध्ये, कोणी बीएमडब्ल्यूच्या कारखान्यात, पण संध्याकाळी पाय वळतात ते रीडी नदीकडे. म्हणून हा धागा.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. गावाच्या ऐन मध्यात ही नदी खडकांवरून पसरत, फुटत खाली उतरते. 1960 साली या धबधब्यावरून चारपदरी काँक्रीटचा कॅम्परडाउन पूल गेला आणि धबधबा गावातल्या गावात झाकला गेला. 1967 पासून कॅरोलिना फूटहिल्स गार्डन क्लबच्या मंडळींनी काठावरची झुडपं, कचरा काढून जागा वाचवायला सुरुवात केली. अखेर 2002 मध्ये तो पूल पाडला आणि 2004 मध्ये फक्त पायी चालणाऱ्यांसाठी लिबर्टी ब्रिज उभा राहिला. वाहता रस्ता काढून टाकून ती जागा चालणाऱ्यांना देणारी गावं किती असतील? मला याचं फार कौतुक आहे आणि ते लपवायचं कारण नाही.

तुम्ही कधी जाता, काय पाहता, कोण भेटतं, सविस्तर लिहा.

कांडीवाला

मी इचलकरंजीचा. घराच्या खालच्या मजल्यावर माग, वरच्या मजल्यावर आम्ही. रात्रपाळी सुरू असेल तरच मला लहानपणी शांत झोप लागायची. हे सांगायचं कारण म्हणजे ग्रीनव्हिलही एकेकाळी कापडाचंच गाव. स्वतःला जगाची वस्त्रराजधानी म्हणवून घ्यायचं. आणि ज्या धबधब्याचे आपण फोटो काढतो, त्याच्याच काठावर 1870च्या दशकात कॅम्परडाउन मिल उभी होती. गिरण्यांना पाण्याचा जोर हवा होता, म्हणून त्या नदीला चिकटून आल्या.

पार्कात खाली उतरलात की जुन्या दगडी बांधकामाचे अवशेष दिसतात. बहुतेक जण त्यावर बसून सँडविच खातात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या दगडांवर हात फिरवत बराच वेळ उभा होतो. एक वयस्कर गोरे गृहस्थ थांबले, म्हणाले, माझी आई गिरणीत होती. मी म्हणालो, माझे वडील मागावर. मग आम्ही दोघंही तिथेच बसलो. ते सांगत होते की त्यांच्या लहानपणी नदीचा रंग बघून कळायचं, आज कापड कोणत्या रंगात निघतंय. कधी निळी, कधी लालसर. नदीत पाय घालायची सोय नव्हती.

मला पंचगंगा आठवली. सायझिंग (सुताला खळ लावणं) आणि प्रोसेस (कापड धुणं-रंगवणं) यांचं पाणी, काळपट फेस, उन्हाळ्यात मरून वर आलेले मासे, ते पाहतच मी मोठा झालो. इथल्या गिरण्या बंद पडल्या, माणसं बेकार झाली आणि मग नदी निवळत गेली, हेही त्याच गृहस्थांनी सांगितलं. त्यामुळे मला या पार्कात निव्वळ आनंद होत नाही. आनंद होतो आणि मनात हिशेबही चालू राहतो. माग बंद न पडता नदी निवळायला हवी, आमच्याकडे तेच मागणं आहे आणि त्यासाठी भांडणारी माणसं गावात आहेत. सुट्टीत गेलो की त्यांना इथले फोटो दाखवतो. पूल सगळ्यांनाच आवडतो, पण त्यांचा पहिला प्रश्न असतो, सांडपाणी कुठे सोडतात?

कृष्णाकाठची

माझा मुलगा तिथे असतो. मी सांगलीची. आम्ही नदीकडे गेलो की आधी पातळी बघतो. आयर्विन पुलावर पाणी चाळीस फुटांवर गेलं की इशारा, पंचेचाळीसला धोका, हे आमच्याकडे शाळकरी पोराला पाठ असतं. 2019चा पूर मी वरच्या मजल्यावरून पाहिला आहे. म्हणून त्या पुलावर उभं राहिल्यावर मी खाली वाकून काठावरच्या खडकांवर पाण्याच्या खुणा शोधत होते. सून हसत होती.

मुलाचं घर गावाबाहेर. सुंदर घर, पण रस्त्याला फुटपाथ नाही आणि गाडी मला येत नाही. दिवसभर खिडकी आणि मी. एखाद्या वयस्कर माणसाला परदेशात काय जड जातं विचाराल तर थंडी नाही, हे घरात अडकणं जड जातं. सून कामाला डाउनटाउनमध्ये जायची. एक दिवस म्हणाली, "आई, चला माझ्याबरोबर, मी तुम्हाला पार्काशी सोडते, दुपारी जेवायला भेटू." तेव्हापासून माझा मुक्काम बदलला.

मेन स्ट्रीटवरून दोन्ही बाजूच्या झाडांच्या सावलीतून चालत खाली यायचं. पुलावर जायला पायऱ्या नाहीत, त्यामुळे गुडघ्यांची कुरकुर नाही. पुलाच्या मध्यावर, धबधब्याच्या बाजूच्या कठड्याला धरून मी उभी राहायची. त्या बाजूला तार नाही, दोर नाही, डोळ्यांसमोर काहीच आड येत नाही. खडकाला एका ठिकाणी खोबण आहे, तिथे पाणी आधी गोल फिरतं, जरा थबकतं आणि मग खाली उडी घेतं. पाऊस झालेला असला की ती खोबण दिसतच नाही. रोज जाणाऱ्यालाच हे कळतं.

तिथेच एक गुजराती बेन भेटल्या, त्याही मुलीकडे आलेल्या. त्यांना मराठी येत नाही, मला गुजराती नाही, दोघींचं हिंदी मोडकं. पण थेपले आणि मेथीचे लाडू यांची देवघेव सुरू झाली, ती शेवटपर्यंत टिकली.

उंबरठा

कृष्णाकाठची ताई, छान लिहिलंत. मला मात्र 30 ऑक्टोबर 2022ला गुजरातमधल्या मोरबीचा झुलता पूल तुटल्यापासून कुठल्याही झुलत्या पुलावर पाऊल टाकायला भीती वाटते. ग्रीनव्हिलला गेले तेव्हा घरचे पुढे गेले, मी अलीकडेच बाकावर बसले. कोणी धावत गेलं की तो पूल थरथरतो का?

ओळंबा

उंबरठा, भीती अगदी साहजिक आहे. मी पुलांचंच काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

हो, पळणारा माणूस बाजूने गेला की पायाखाली हलकीशी थरथर जाणवते. बारीक बांध्याच्या पादचारी पुलांमध्ये ती असतेच आणि आराखड्यात धरलेली असते. लिबर्टी ब्रिज साधारण साडेतीनशे फूट लांब, बारा फूट रुंद आहे. सुमारे 90 फूट उंचीचे दोन खांब, तेही तिरके कललेले. मुख्य तार एकच आणि तीही धबधब्याच्या विरुद्ध बाजूला. ताईंच्या डोळ्यांसमोर काही आड येत नाही, ते यामुळे.

आता प्रश्न पडेल की एकाच कडेने टांगलेला पूल कलंडत कसा नाही? सरळ फळी एका कडेने टांगली तर ती नक्की कलंडेल. हा पूल वरून पाहिला तर धनुष्यासारखा वळलेला आहे. वळणामुळे पिळाचा जोर आडव्या ताण-दाबात बदलतो आणि तो पुलाच्या लांबीभर वाटला जातो. म्हणजे वळण शोभेसाठी घेतलेलं नाही, त्याच्याच जोरावर पूल उभा आहे. आरेखन मिगेल रोझालेस यांचं. आमच्या धंद्यातली माणसं तिथे गेली की धबधब्याकडे पाठ करून तारेच्या जोडांकडे बघत बसतात, मीही त्यातलाच.

मोरबीचा पूल एकोणिसाव्या शतकातला. दुरुस्तीनंतर उघडला आणि काही दिवसांतच गर्दीत तुटला. तिथे प्रश्न देखभालीचा आणि एका वेळी किती माणसं सोडली याचा होता. पूल झुलता आहे म्हणून तो धोक्याचा ठरत नाही. तार कोण तपासतं, कधी तपासतं, हे विचारत राहायला हवं. हा प्रश्न विचारणारं गाव मला आवडतं.

पहाटवारा

मी धावणारा. पुलाखालून निघून नदीकाठाने क्लीव्हलँड पार्ककडे जातो. हा सगळा स्वॅम्प रॅबिट ट्रेलचा भाग. उत्तरेला हीच वाट जुन्या रेल्वेमार्गावरून थेट ट्रॅव्हलर्स रेस्ट गावापर्यंत जाते. चढ फारसा नाही, कारण आगगाडीला चढ झेपत नसे. सकाळी लवकर गेलात तर उथळ पाण्यात राखाडी बगळा हमखास दिसेल.

सांजवेळ

सप्टेंबर 2024 मध्ये हेलीन वादळ आलं तेव्हा आम्ही तिथेच होतो. आमच्या भागात वीज बरेच दिवस नव्हती, जुनी मोठी झाडं मुळासकट आडवी. नदी चॉकलेटी, फुगलेली. पण मला लक्षात राहिलंय ते नंतरचं. वाटा मोकळ्या होताच लोक आपणहून पार्ककडे यायला लागले. अनोळखी माणसं एकमेकांना "तुमच्याकडे लाईट आली का?" विचारत होती. ज्यांच्याकडे आली होती ते फोन चार्ज करायला घरी बोलवत होते. आम्ही एका कुटुंबाकडे असेच गेलो आणि आता दिवाळीला ते आमच्याकडे येतात.

वाटसरू

सगळ्यांनी फॉल्स पार्कवर लिहिलंय, मी थोडं पुढचं लिहितो. शनिवारी-रविवारी पुलावर लग्नाचे फोटो काढणाऱ्यांची इतकी रांग असते की नीट चालता येत नाही. तेव्हा ट्रेलने युनिटी पार्कला जा. 2022 मध्ये उघडला. तिथे पूर्वी मेबेरी पार्क होतं, काळ्या मुलांसाठीचं. वर्णभेदाच्या काळात त्याचीच जागा काढून गोऱ्यांच्या बेसबॉलसाठी मेडोब्रुक मैदान केलं गेलं. आता दोन्ही जागा मिळून एकच पार्क आहे आणि रीडी नदी तिथूनही वाहते. मुलांना घेऊन गेलो तेव्हा मोठ्या मुलीने हे सगळं विचारून घेतलं, मग म्हणाली, "म्हणजे ही मुलं पोहायला कुठे जायची?" मी जे माहीत होतं ते सांगितलं, बाकी आम्ही वाचनालयात जाऊन शोधलं.

ओसरी

वाटसरू, यावर स्वतंत्र धागा काढाच. उंबरठा, ओळंबांचं उत्तर वाचलंत का? तुम्ही पुन्हा याल तेव्हा आम्ही दोघी-तिघी इथेच आहोत, शनिवार सोडून या. कृष्णाकाठची ताई, लाडवांची कृती पाककृती विभागात टाका. आणि ज्यांनी अजून लिहिलं नाही त्यांनी लिहा, विशेषतः आधीचा चारपदरी पूल असतानाचं ग्रीनव्हिल ज्यांनी पाहिलंय त्यांनी.