सावल्यांचे फोटो काढताना मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. सध्या मला सावल्यांचं वेड लागलंय. जिन्याचा कठडा, दोरीवरचे कपडे, सायकलचं चाक, ज्याची सावली दिसेल तिचा मोबाइलवर फोटो काढते. (घरचे हसतात, हसू देत.)

अडचण अशी की डोळ्यांना गडद दिसणारी सावली फोटोत फिकी, राखाडी येते. मोबाइल कॅमेऱ्यातलं एचडीआर हे सेटिंग अंधारा भाग आपोआप उजळतं, म्हणून ते बंद केलं. आता उजेडाच्या भागावर बोट टेकवून एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) कमी करते. सावली छान काळी होते, पण भिंतीचा खरखरीत पोतही तिच्यात बुडतो. दोन्ही कसं सांभाळायचं? रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढून नंतर सुधारणं एवढाच उपाय आहे का?

निरभ्र दिवशी सावलीत निळसर झाक येते. तिथे थेट ऊन नसतं, आकाशाचा निळा उजेडच पोचतो, हे कळतं. तुम्ही ती झाक ठेवता की व्हाइट बॅलन्सने (रंगांची झाक जुळवणाऱ्या सेटिंगने) काढता? मला ठेवावीशी वाटते. कृष्णधवल केलं की प्रश्नच मिटतो, पण ती पळवाट झाली.

आणि कडांचं काय? सूर्य म्हणजे ठिपका नव्हे, आकाशात साधारण अर्ध्या अंशाची तबकडी. त्यामुळे वस्तू भिंतीपासून १ मीटर दूर असली की सावलीची कड जवळपास १ सेंटीमीटर पसरते. उंच फांदीची सावली तर धुरकटच. हा धुरकटपणा मुद्दाम वापरून कुणी चांगला फोटो काढलाय का?

शिवाय सूर्य पाठीशी असला की माझीच सावली चौकटीत घुसते. त्यावर काही युक्ती?