लॅटिन येत नाही, तरी व्हर्जिल कसा वाचावा?

रानजाई:
आमच्या वाचनगटानं पुढच्या महिन्यासाठी प्राचीन रोमन कवी व्हर्जिलचं ‘एनीड’ हे महाकाव्य निवडलंय. गटात दोन शिक्षिका, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आणि कॉलेजची काही मुलं आहेत. इंग्रजी सगळ्यांना वाचता येतं, लॅटिन कुणालाच नाही. मी एक गद्य अनुवाद सुरू केला. गोष्ट कळते, पण लोक दोन हजार वर्षं हे पाठ का करत आले ते कळत नाही. बारा सर्ग, जवळपास 9,900 ओळी. त्यातलं काव्य आमच्यापर्यंत पोचेल असं काही करता येईल?

मात्रामेळ:
रानजाई, आधी कान लावा, अर्थ मागून येऊ दे. मी संस्कृत शिकवतो, लॅटिन हौसेनं शिकलो. माझं ठाम मत आहे की इथं मराठी वाचक इंग्रजी वाचकाच्या पुढे आहे. इंग्रजी छंद आघातावर चालतो, व्हर्जिलचा लघु-गुरूवर. नियमही ओळखीचा: स्वर दीर्घ असला किंवा पुढे दोन व्यंजनं आली की गुरू. (ए आणि ओ मात्र तिथं ऱ्हस्वही असतात.) काव्याची सुरुवातच पाहा: ‘अर्म वि’. गुरू, लघु, लघु. आपला भगण!

ओळीत अक्षरांचे असे सहा गट. पहिल्या चारांत भगणाच्या जागी दोन गुरू चालतात, पाचवा बहुधा भगणच, सहाव्यात दोनच अक्षरं. गट चार मात्रांचा, त्यामुळे हे मात्रावृत्ताच्या जवळ जातं.

आता आठवा सर्ग काढा. घोडदळ दौडतं ती ओळ मोठ्यानं म्हणा: ‘क्वाद्रिपेदन्ते पुत्रेम सोनितू क्वतित उंगुल कम्पुम’. पाचही गट भगण, टापा ऐकू येतात. (‘पुत्रेम’मधला पु लघुच धरायचा, तेवढी सवलत तिथं आहे.) त्याच सर्गात नायक एनियसची शस्त्रं घडवताना सायक्लॉप्स (एकडोळे राक्षस) घण उचलतात, तिथं पहिले चारही गट गुरू-गुरू. ओळ जागची हलत नाही, इतकी जड. हे कुठल्याही अनुवादात येत नाही, पण पाच मिनिटांत वाचनगटाला ऐकवता येतं.

पोथीघर:
सरांचं पटतं, पण दोन ओळी ऐकून काव्य वाचून होत नाही. ताई, गद्य अनुवाद बाजूला ठेवा. सारा रूडेनचा 2008चा इंग्रजी अनुवाद पद्यात आहे आणि मूळ ओळींच्या संख्येला धरून चालतो, पाल्हाळ नाही. सोबत लोब ग्रंथमालेतला व्हर्जिल हाताशी असू द्या: लाल मुखपृष्ठ, डावीकडे लॅटिन, उजवीकडे इंग्रजी. आवडलेली जागा सापडली की डावीकडे वळून ती ओळ सरांच्या पद्धतीनं म्हणायची.

आणि बाराही सर्ग एका महिन्यात नकोत. व्हर्जिलनं स्वतः सम्राट ऑगस्टससमोर दुसरा, चौथा आणि सहावा सर्ग वाचला, असं त्याच्या प्राचीन चरित्रात आहे. ट्रॉयचा पाडाव, राणी दीदो, पाताळ. तेवढेच घ्या.

रानजाई:
सर, घोड्यांची ओळ गटाच्या व्हॉट्सॲपवर म्हणून पाठवली. काकांनी ती आल्या आल्या टाळीवर धरली! आता ते दीदोचं एक भाषण मराठीत, चोवीस मात्रांच्या ओळींत बांधायला बसलेत. पहिल्या बैठकीला चौथा सर्ग.

मात्रामेळ:
काकांना सांगा, पाचव्या गटात भगण सोडू नका. झालं की इथं टाका.