आठ पीसींवर देशभराची विमानं: कशाला हा खटाटोप?

चिकलठाणकर:
इथल्या एका कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या पोरांनी देशातल्या दिवसभराच्या विमान वाहतुकीचं सिम्युलेशन (कॉम्प्युटरवरची नक्कल) घेतलंय, लॅबमधल्या आठ पीसींवर वाटून. मला तर हा निव्वळ हौसेचा मामला वाटतो. विमान उडालं, उतरलं, धावपट्टी मोकळी झाली, एवढ्या घटना एकटा पीसी उरकतो. अन् आठ मशीन म्हणजे आठपट वेग नव्हे. कॉम्प्युटरतज्ज्ञ अ‍ॅमडालचा १९६७ चा हिशोब लावा: कामाचा दहावा हिस्सा वाटता येत नसेल तर वेग ४.७ पटच.

रोटेगाव_क्रॉसिंग:
दादा, घटना मोजू नका, त्यांचा गुंता बघा. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळं एका वेळी एकच वापरात. तिथं सकाळी तुंबलं की अडकलेलं विमान दिवसभर गावोगाव उशीर वाटत फिरतं.

वाटणीत खरी गोची घड्याळाची. प्रत्येक पीसीकडं काही विमानतळ, अन् सिम्युलेशनमधलं घड्याळ ज्याचं त्याचं. चिकलठाण्याचा, म्हणजे आपल्या इथल्या विमानतळाचा, पीसी ११ वाजेपर्यंत पोचला, अन् मागं राहिलेला मुंबईचा पीसी सांगतो, १०.५० ला तुमच्याकडं विमान उतरतंय! यावर चँडी-मिश्रा या संशोधकांचा १९७९ चा उपाय आपल्या रेल्वेच्या सिंगल लाइनसारखा: पुढच्या स्टेशनाकडून लाइन क्लिअर मिळाल्याशिवाय गाडी हलवायची नाही. संशोधक जेफरसनचा टाइम वार्प हा उपाय (१९८५) उलटा. बेधडक पुढं जा, चुकलं तर मागं येऊन पुन्हा कर. इथं पहिला बरा, कारण मुंबईहून उडालेलं विमान अर्ध्या तासाच्या आत इथं टेकत नाही. तेवढा वेळ दोन्ही पीसी एकमेकांना न विचारता पळतात.

चिकलठाणकर:
विमानतळांपुरतं ठीक. आकाशाचे तुकडे (सेक्टर) करून वाटलं तर? हद्दीवरचं विमान मिनिटात पलीकडं जातं, तुमचा अर्धा तास गेला. वर मुंबई-दिल्लीचा पीसी घाम गाळणार, नांदेड-लातूरचा झोपा काढणार.

लॅबवाली_ताई:
दोघंही एकाच दिवसाला धरून बसलात. धुक्याचा, वळवाचा, धावपट्टी बंद असलेला, असे हजार दिवस चालवा ना. प्रत्येक मशीनला वेगळा दिवस. एकमेकांशी बोलायचं कामच नाही, वेग जवळपास आठपट.

रोटेगाव_क्रॉसिंग:
ताई, नियोजनाला ते चालेल. पण दिल्लीत धुकं पडलंय, कोणती विमानं जमिनीवरच थांबवायची हे तासाभरात ठरवायचंय, तेव्हा तो एकच दिवस झटपट चालवावा लागतो.

चिकलठाणकर:
मंग पोरांना म्हणावं, आधी एकाच पीसीवर चालवा. किती मिनिटं लागली तो आकडा इथं टाका. दोन मिनिटांत उरकलं तर बाकीचे सात बंद करा, लाइट बिल तरी वाचंल.