मदत हवी आहे: एमबीएचे तीन प्रवेश हातात, कॅप (राज्याची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) अजून सुरू व्हायची आहे. पैसे कुठे भरावेत?

नीरा_काठ:

धाकट्या बहिणीसाठी विचारतोय. बी.कॉम. (सोलापूर विद्यापीठ), नोकरीचा अनुभव नाही, फायनान्स करायचं आहे. राज्याच्या एमबीए सीईटीत ९७.४ पर्सेंटाइल. आम्ही ओबीसी, घरचं वार्षिक उत्पन्न साडेसहा लाखांच्या आसपास. सध्या हातात असलेले प्रवेश असे:

अ) पुण्यातलं अभिमत विद्यापीठ, एमबीए. वसतिगृहासह दोन वर्षांचे १९ लाख. ५ जूनच्या आत ५ लाख भरायचेत, वर्ग जूनच्या मध्यावर सुरू.
ब) मुंबईच्या उपनगरातली स्वायत्त संस्था, पीजीडीएम (एमबीएसारखीच व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका), साडेबारा लाख, राहण्याची सोय नाही. जागा धरून ठेवायला ५० हजार भरून झालेत, उरलेला हप्ता १० जूनपर्यंत. वर्ग १ जुलैला.
क) बंगळुरूचं खासगी विद्यापीठ, ९ लाख, पहिल्या वर्षाच्या शुल्कात ३० टक्के सवलत.

कॅपची नोंदणी अजून उघडलेली नाही. अ मध्ये पैसे भरले आणि पुढे कॅपमधून चांगलं कॉलेज मिळालं तर ५ लाख परत मिळतात का? की कॅपची वाट न बघता यातलंच एक धरावं? कर्ज १० लाखांच्या वर जाऊ नये असं बाबांचं म्हणणं आहे. नावं मुद्दाम देत नाही.

हिशेबनीस:

कुठलं कॉलेज चांगलं या प्रश्नाच्या आधी एक गोष्ट तपासा, तिच्यामुळे सगळं गणितच पालटतं. बहीण ओबीसी आहे आणि उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. आधी ही सवलत ५० टक्के होती. पण प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. व्यवस्थापन कोटा किंवा संस्थास्तरावरची जागा चालत नाही, आणि खासगी अभिमत विद्यापीठं व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. म्हणजे तुमच्या अ, ब, क तिन्हींवर ही सवलत शून्य.

कॅपमधल्या खासगी विनाअनुदानित कॉलेजचं शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. त्यांच्या संकेतस्थळावर कॉलेजचं नाव टाकलं की शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क वेगवेगळं दिसतं. माफी शिक्षण शुल्काची आहे, विकास शुल्क घरूनच भरावं लागेल. शिवाय वसतिगृह, मेस आणि किरकोळ शुल्क. तरीही अ च्या १९ लाखांशी तुलनाच नको.

आता कर्जाचं बघू. अ साठी १९ लाख घेतले, व्याज १० टक्के धरलं, दर वर्षी साडेनऊ लाख उचलले, तर शिक्षण आणि पुढचं सवलतीचं (हप्ता सुरू न होण्याचं) एक वर्ष मिळून सरळव्याजानेच पावणेपाच लाख चढतात. हप्ता सुरू होताना डोक्यावर २३ लाख ७५ हजार. दहा वर्षांच्या मुदतीने महिन्याचा हप्ता साधारण ३१,४०० रुपये. आठ लाखांचं कर्ज याच रीतीने मोजलं तर हप्ता १३,२०० च्या घरात येतो. शिकत असताना दर महिन्याचं व्याज भरत गेलात तर दोन्ही आकडे उतरतात.

बँकेत सहसा ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, ४ ते साडेसात लाखांना जामीनदार लागतो, त्याहून जास्त रकमेला तारण. निवडक संस्थांच्या यादीत कॉलेज असेल तर विनातारण जास्त मिळतं, उदाहरणार्थ स्टेट बँकेचं स्कॉलर लोन. पीएम-विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीतही कॉलेज आहे का ते पाहा. तुमच्या उत्पन्नगटाला तिथे १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात व्याजात ३ टक्के सूट आहे. व्यवस्थापन कोट्याच्या जागेला तीही नाही.

सह्यकडा:

परताव्याबद्दल. अ हे अभिमत विद्यापीठ, म्हणून तिथे यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) नियम. ब चा पीजीडीएम एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) अखत्यारीत. दोन्ही नियम वेगळे आहेत, एकाचा दाखला दुसरीकडे देऊ नका.

यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे सगळं 'प्रवेशाची जाहीर केलेली शेवटची तारीख' या एका तारखेवरून मोजतात. त्या तारखेच्या १५ दिवस किंवा जास्त आधी प्रवेश सोडला तर १०० टक्के परत (त्यातून प्रक्रिया शुल्क म्हणून ५ टक्के, पण ५,००० रुपयांच्या वर नाही). शेवटच्या १५ दिवसांत सोडला तर ९० टक्के, तारीख उलटून १५ दिवसांच्या आत ८० टक्के, ३० दिवसांच्या आत ५० टक्के, त्यानंतर काहीच नाही. शिवाय यूजीसी एखाद्या वर्षापुरतं जास्त सवलतीचं परिपत्रक काढते. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त हजार रुपये कपात, असं होतं. यंदाचं परिपत्रक निघालंय का ते यूजीसीच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. जुन्या परिपत्रकाच्या भरवशावर ५ लाख भरू नका.

लोक अडकतात ते या तारखेवर. वर्ग जूनमध्ये सुरू होतात आणि कॅपची वाटपयादी लागते त्याच्या बऱ्याच नंतर. तोवर अ ची जाहीर तारीख महिन्यापूर्वी उलटलेली असते. म्हणून पैसे भरण्याआधीच प्रवेशपत्रिकेत, माहितीपुस्तिकेत आणि संकेतस्थळावर ती तारीख शोधा, त्या पानाची पीडीएफ काढून ठेवा. कुठेच दिलेली नसेल तर ईमेलने विचारा. फोनवरचं उत्तर कामाचं नाही. सोडताना अर्जही ईमेलनेच, ज्या दिवशी ठरलं त्याच दिवशी. दिवस मोजताना संस्थेला तो अर्ज मिळाल्याची तारीख धरतात.

ब चे ५० हजार: एआयसीटीईच्या नियमाप्रमाणे अभ्यासक्रम सुरू होण्याआधी प्रवेश सोडला तर जास्तीत जास्त हजार रुपये कापून बाकी सगळं परत करायचं असतं. 'ही रक्कम परत मिळणार नाही' असं पावतीवर छापलेलं असलं तरी. वर्ग सुरू झाल्यावर सोडला आणि ती जागा दुसऱ्याने भरली, तर तेवढ्या महिन्यांचं शुल्क कापून बाकी मिळतं. जागा रिकामी राहिली की भांडण सुरू. म्हणजे तुमच्यासाठी ब ची खरी तारीख ३० जून.

मूळ कागदपत्रं कुणाकडेही ठेवायची नाहीत. तपासून लगेच परत द्यावीत असा नियम आहे. मूळ गुणपत्रिका एका कॉलेजात अडकली आणि कॅपच्या कॉलेजात हजर व्हायचा दिवस निघून गेला, हे टाळता येण्यासारखं नुकसान आहे. अभिमत विद्यापीठाने पैसे अडवले तर यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार करता येते.

गुलबक्षी:

कॉलेज कसं तोलायचं याबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

माहितीपुस्तिकेतला 'सर्वोच्च पॅकेज' आकडा सोडूनच द्या. सरासरीही फसवते, दोन-चार मोठ्या पगारांनी ती वर जाते. मध्यक (पगार चढत्या क्रमाने लावले की बरोबर मधला येतो तो) बघा. तो मिळण्याची सगळ्यात सोपी जागा म्हणजे एनआयआरएफला (केंद्र सरकारच्या कॉलेज क्रमवारीला) कॉलेजने स्वतः भरून दिलेली माहिती. ती कॉलेजच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये असते. दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा तक्ता उघडा आणि ओळ डावीकडून उजवीकडे वाचा: पहिल्या वर्षी प्रवेश किती, वेळेत उत्तीर्ण किती, नोकरी लागली किती जणांना, मध्यक पगार किती, पुढच्या शिक्षणाला गेले किती.

नमुना म्हणून समजा, १७४ आले, १६८ उत्तीर्ण, नोकरी ११२ जणांना, मध्यक ७,२०,०००, पुढे शिकायला २. मग ५४ जण कुठे गेले? मध्यक निघालाय तो त्या ११२ मधून. म्हणजे वर्गातला बरोबर मधला मुलगा सात-वीसच्या बराच खाली आहे. ही एक वजाबाकी तिन्ही कॉलेजांसाठी, तीन-तीन वर्षांची करा. चौकोनी वहीच्या एका पानात मावते. आयआयएम अहमदाबादने घालून दिलेल्या प्लेसमेंट अहवालाच्या मानकांनुसार, लेखापरीक्षकाने तपासलेला अहवाल जी संस्था छापते तिच्या आकड्यांवर मी जास्त विश्वास ठेवेन.

सीटीसीही (कंपनी सांगते ते वर्षाचं एकूण पॅकेज) फोडून बघा. ९ लाखांच्या पत्रात निश्चित पगार ७,२०,०००, कामगिरीवर अवलंबून १,२०,०००, कंपनीचा पीएफ-ग्रॅच्युइटी ६०,००० अशी मांडणी असू शकते. महिन्याचे ६०,०००, त्यातून स्वतःचा पीएफ आणि व्यवसाय कर गेला की हातात ५७-५८ हजार. त्यात अ चा ३१,४०० चा हप्ता. उरलेल्या २६ हजारांत मुंबईत घरभाडं, लोकलचा पास आणि खाणं भागवायचं. बाबांनी घातलेली १० लाखांची मर्यादा मला अगदी योग्य वाटते.

फायनान्स हवं असेल तर आणखी एक तपासणी. लिंक्डइनवर कॉलेजचं नाव आणि उत्तीर्ण होण्याचं मागचं वर्ष टाकून किमान ४० जणांची पदनामं उतरवून घ्या. 'रिलेशनशिप मॅनेजर', 'सेल्स ऑफिसर' ही बँकेतली नोकरी असली तरी काम विक्रीचं आहे. क्रेडिट, ट्रेझरी, इक्विटी रिसर्च, एफपी अँड ए (कंपनीचं आर्थिक नियोजन आणि विश्लेषण) अशी पदं ४० मध्ये किती आहेत ते मोजा. आणि कॉलेजला विचारा की ऐच्छिक विषय चालवायला किमान किती विद्यार्थी लागतात. पुस्तिकेत दहा ऐच्छिक विषय असतात, पण पुरेशी मुलं नाहीत म्हणून डेरिव्हेटिव्हज वर्गात उघडतच नाही.

क ची सवलत पहिल्याच वर्षाची आहे. दुसऱ्या वर्षी पूर्ण शुल्क धरूनच बेरीज करा.

हिशेबनीस:

कॅपबद्दल राहिलं होतं. जमनालाल बजाज (मुंबई विद्यापीठाचं, १९६५ पासून, चर्चगेट), सिडनहॅमचं शासकीय मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग पुम्बा, हे तिन्ही याच कॅपमधून भरतात. मागच्या वर्षीचे फेरीनिहाय कटऑफ सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर आहेत. कोड नीट वाचा: सुरुवातीला 'जी' म्हणजे सर्वसाधारण, 'एल' म्हणजे महिला, मध्ये प्रवर्ग, शेवटी 'एच' गृह विद्यापीठ, 'ओ' गृह विद्यापीठाबाहेरचे, 'एस' राज्यस्तरीय. बहिणीची पदवी सोलापूरची, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या कॉलेजात 'एच' चा रकाना तिचा नाही. तो खालचा कटऑफ बघून आशा लावू नका. 'एल-ओबीसी' चा 'ओ' किंवा 'एस' रकाना बघा.

पर्याय भरताना पसंतीचाच क्रम लावा, मिळेल-न-मिळेलचा नाही. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो आपोआप फ्रीझ (कायम) होतो, मग पुढच्या फेरीत जाता येत नाही. खालचा मिळाला तर हजार रुपये जागा स्वीकृती शुल्क भरून सुधारणेसाठी थांबता येतं. पुढच्या फेरीत वरचं कॉलेज मिळालं की आधीची जागा आपोआप जाते, दोन्ही हातात राहत नाहीत.

पण कागद नसतील तर यातलं काहीही उपयोगाचं नाही. नॉन-क्रीमीलेयर चालू आर्थिक वर्षात वैध हवं. जात वैधता प्रमाणपत्र आहे का?

नीरा_काठ:

वैधता नाही, कॉमर्समुळे अकरावी-बारावीत कुणी मागितलीच नव्हती. नॉन-क्रीमीलेयर मागच्या वर्षीचं. चुलत भावाकडे वैधता आहे.

सह्यकडा:

मग अ-ब-क राहू द्या, उद्या सकाळी हेच काम. नॉन-क्रीमीलेयर आणि उत्पन्नाचा दाखला सेतू किंवा आपले सरकारवरून. वैधतेसाठी ऑनलाइन अर्ज, मग छापील फाइल सोलापूरच्या जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीची नोंद असलेला पुरावा लागतो: आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळेचा दाखला, नाहीतर त्यांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. चुलत भाऊ वडिलांच्या बाजूचा सख्खा असेल तर त्याच्या वैधता प्रमाणपत्राची प्रत आणि दोघांना जोडणारी वंशावळ प्रतिज्ञापत्रावर. याने फाइल बरीच हलकी होते. आजोबांच्या दाखल्यावर आडनाव किंवा नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर ते आत्ताच प्रतिज्ञापत्रात लिहा. त्रुटीचं पत्र आलं की आठवडे जातात.

अर्जाची पावती जपून ठेवा. कॅपमध्ये पावतीवर नोंदणी होऊ शकते, पण मूळ प्रमाणपत्र दिलेल्या मुदतीत आलं नाही तर उमेदवार खुल्या प्रवर्गात जातो. मग एल-ओबीसीचा कटऑफही गेला आणि ओबीसी म्हणून मिळणारी माफीही.

गुलबक्षी:

आणि बँक खात्याला आधार जोडलेलं आहे ना ते बघा. महाडीबीटीचे (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे) पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात, आणि तो अर्ज दोन्ही वर्षी वेगवेगळा भरावा लागतो. कॅपच्या कॉलेजला आधीच विचारा, शिक्षण शुल्क आत्ता भरून घेणार आणि मग परत देणार, की घेणारच नाही? त्यावरून सुरुवातीला किती रोख लागेल ते ठरेल.

नीरा_काठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलेलं असं: अ ला ५ लाख भरत नाही. त्यांच्या पुस्तिकेतली शेवटची तारीख ५ जूनच निघाली, म्हणजे कॅपची यादी लागेपर्यंत परताव्याचे सगळे टप्पे संपलेले असणार. क सोडलं. ब चे ५० हजार आहेत तिथे राहू देतो, उरलेल्या हप्त्यासाठी ३० जूनपर्यंत मुदत मागणारा ईमेल आज पाठवला. ब च्या एनआयआरएफ तक्त्यात तीन वर्षांत नोकरी न लागलेल्यांचा आकडा वाढत गेलेला दिसतोय, तेही बहिणीने लिहून घेतलंय. आजोबांचा दाखला १९५४ चा आहे, पण त्यावर जात लिहिलेला रकाना पुसट झालाय.

सह्यकडा:

पुसट दाखल्यावर विसंबू नका. शाळेत जाऊन मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानिशी जनरल रजिस्टरच्या त्या पानाचा उतारा मागा. शाळा बंद झाली असेल तर रजिस्टर कुठे गेलं ते पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारा. जाताना आजोबांचं पूर्ण नाव, गाव आणि दाखल्यावरचा रजिस्टर क्रमांक घेऊन जा, तो क्रमांक असला तर पान पाच मिनिटांत सापडतं.